चष्मा, लेसर आणि अरुंधती

जळगाव-धुळ्याचे आम्ही काही नोकरदार मित्र अमावस्येच्या सुमारास लळिंग किल्ल्याच्या बाजूला तारे पाहायला जमतो. आमच्यातल्या एकाने पतपेढीचे कर्ज काढून डोळ्यांना लेसर करून घेतले. दिवसा तो तक्त्याची शेवटची ओळही वाचू लागला. पण पहिले काही महिने रात्री ट्रकच्या दिव्यांभोवती त्याला वलये दिसत, आणि वसिष्ठाशेजारची अरुंधती काही केल्या सापडत नसे.

कारण साधे आहे. लेसरने बुबुळावरचा काचेसारखा पडदा साधारण ६ ते ६.५ मिलिमीटर रुंदीत घडवतात. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली ७ मिलिमीटरपर्यंतही उघडते. मग कडेचा प्रकाश फाकतो. डोळे कोरडे पडूनही धूसर दिसते. बहुतेकांचा त्रास ३ ते ६ महिन्यांत कमी होतो, काहींचा राहतो.

म्हणून तरुण मित्रांनो, पैसे भरण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा की आम्ही रात्री तारे पाहतो, आणि अंधारातले बाहुलीचे माप घ्यायला लावा. शिवाय, नुसता मायनस नंबर असेल तर दुर्बिणीला चष्म्याची गरजच नाही. चाक फिरवले की चित्र स्पष्ट होते. सिलिंडर नंबर जास्त असेल तर मात्र चष्मा ठेवावा. चष्म्याची लाज वाटते एवढ्याच कारणाने कर्ज काढू नका.