बेस्टच्या नावातली वीज

बेस्टची डिझेलवर चालणारी जुनी दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी अंधेरीत अखेरची धावली, तेव्हा तिला निरोप द्यायला लोक जमले. विजेवरची वातानुकूलित दुमजली बस त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत रस्त्यावर आली होती. त्या दिवसांत पुष्कळ हळवे लेखन झाले. आम्ही वर्गात ललितगद्य शिकवतो. त्यामुळे हा हळवेपणा नेमका कशासाठी, हे तपासून पाहावेसे वाटते.

वीज या शहरात नवखी नाही. घोड्यांची ट्राम १८७४ पासून होती; ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम सुरू झाली. इंजिनाची बस आली ती १९२६ साली, म्हणजे त्यानंतर एकोणीस वर्षांनी. १९०५ च्या कंपनीच्या नावात ‘इलेक्ट्रिक सप्लाय’ आधी आणि ‘ट्रामवेज’ नंतर होते. १९४७ साली महापालिकेने उपक्रम ताब्यात घेतला आणि ‘ट्रामवेज’च्या जागी ‘ट्रान्सपोर्ट’ आले. आद्याक्षर तेच असल्याने ‘बेस्ट’ हे नाव तसेच राहिले. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम गेली. १९६२ पासून तारांखालून धावणारी ट्रॉलीबसही १९७१ मध्ये थांबली. म्हणजे विजेच्या गाड्यांची जागा जिने घेतली, त्याच डिझेल बससाठी २०२३ साली डोळे पुसले गेले!

अर्थात ते अश्रू धुरासाठी नव्हते. वरच्या मजल्यावरची पुढची खिडकी, तिच्यातून अंगावर येणारा वारा, दोन मजल्यांचे दोन कंडक्टर आणि त्यांची घंटा, या सर्वांसाठी ते होते. थांब्यावर उभे राहून ज्यांनी वर्षानुवर्षे डिझेलचा धूर गिळला, त्यांना विजेच्या बसची थोरवी पटवून द्यावी लागत नाही. आमचाही तिच्याशी वाद नाही.

मात्र या स्थित्यंतरात केवळ इंधन बदललेले नाही. विजेच्या बस प्रामुख्याने भाडेतत्त्वावर आल्या. गाडी कंत्राटदाराची, देखभाल त्याची, चालकही त्याचाच. उपक्रमाने किलोमीटरमागे ठरलेला दर द्यायचा. गाडीचा रंग आणि पाटी तेवढी बेस्टची. ऑगस्ट २०२३ मध्ये भाडेतत्त्वावरील बसच्या चालकांनी वेतनवाढीसाठी काम बंद ठेवले होते. दुमजली बसचा निरोप त्यानंतर जेमतेम महिनाभराने झाला. तरी आमच्या वाचनात आलेल्या स्मरणलेखांत हा चालक कुठे भेटला नाही. जुन्या बसचा कंडक्टर भेटला, कारण तो आठवणीत होता. हा अजून कोणाच्या आठवणीत जायचा आहे.

हे आम्हांला खुपते, याला कारण आहे. मराठीच्या विभागांतून तासिका तत्त्वावर शिकवणारे आमचे सहकारी आहेत. पाटी महाविद्यालयाची, अभ्यासक्रम विद्यापीठाचा, माणूस तासापुरता. किलोमीटरमागे मोजलेली बस आणि तासामागे मोजलेले व्याख्यान यांचे गणित एकच आहे. बाकावरच्या मुलांना त्यातला फरक दिसत नाही, जसा थांब्यावरच्या प्रवाशाला दिसत नाही.

नव्या बसवर ललितलेख येतील, यायलाही हवेत. तिच्या इंजिनाचा आवाज नाही. त्यामुळे चालक काही बोलला, तर ते पहिल्या बाकापर्यंत ऐकू जाईल. लिहिणाऱ्याने तिथे जाऊन बसावे.