दगडावरचा चारचा आकडा

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, टे नदीच्या मुखाशी डंडी हे शहर वसले आहे. शहराच्या मध्यभागी, दुकाने व कचेऱ्यांच्या गर्दीत, भिंतीआड ‘हाऊफ’ नावाचे जुने दफनस्थान आहे. मूळची ही फ्रान्सिस्कन साधूंच्या मठाची जमीन. 1564 मध्ये राणी मेरीने ती दफनासाठी नगराला दिली. स्कॉट बोलीत हाऊफ म्हणजे भेटीगाठींची जागा. बेकर, चांभार, शिंपी, विणकर, रंगारी अशा नऊ व्यवसायांचे संघ आपल्या सभा याच थडग्यांमध्ये भरवीत. स्वतंत्र सभागृह उभे राहीपर्यंत, सुमारे दोन शतके, हा क्रम चालू राहिला.

ही माणसे मरणानंतरही धंदा विसरली नाहीत. शिंप्याच्या शिळेवर कात्री, विणकराच्या शिळेवर धोटा कोरलेला दिसतो. व्यापाऱ्याच्या शिळेवर मात्र इंग्रजी चारच्या आकड्यासारखी खूण आढळते. तो त्याच्या पेढीचा मार्का होय. मालाच्या गाठींवर जी छाप, तीच थडग्यावर! निरक्षर हमालालाही त्या खुणेवरून मालाचा धनी ओळखता येई. दहनाची परंपरा असलेल्या जैन वाचकाला हे नवलाचे वाटेल. श्रवणबेळगोळच्या निसिदी शिळा सल्लेखनेची स्मृती सांगतात. तेथे पेढीची छाप कोण कोरणार?

कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथे गेलेल्या कुटुंबांचे वंशज अशा शिळा शोधत स्कॉटलंडला येतात. परंतु जाणता शोधक दगडाआधी दप्तर उघडतो. 1 जानेवारी 1855 पासून तेथे जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंद सक्तीची झाली. त्या पहिल्या वर्षीच्या मृत्युनोंदीत मृताचे जन्मस्थान, आईवडील, अपत्ये आणि दफनाची जागाही लिहिलेली असे. एवढे रकाने भरणे जड गेले, म्हणून पुढील वर्षी ते कमी केले गेले. त्यामुळे ज्याचा पूर्वज 1855 मध्ये निवर्तला, तो वंशज भाग्यवान! त्याआधीच्या काळासाठी चर्चच्या जुन्या वह्या चाळाव्या लागतात. त्या एडिंबरोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि आता संगणकावरही पाहता येतात.

एक गोष्ट विशेष उल्लेखनीय आहे. स्कॉटिश शिळांवर विवाहित स्त्रीचे नाव बहुधा माहेरच्या आडनावाने कोरलेले असते. एका दगडावरून दोन घराण्यांचा माग लागतो. आपल्या वंशावळीत सुनेचे माहेर क्वचितच टिकते.

तरीही पुष्कळांची निराशा होते. वालुकाश्म पावसाने झिजतो, अक्षरे पापुद्र्यांसह गळून पडतात. आणि गरिबांना दगड परवडतच नसे. एकोणिसाव्या शतकात डंडीच्या ताग गिरण्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियाच अधिक राबत. त्यांच्यापैकी अनेकींची खूण म्हणजे दफनवहीतील एक ओळ: नाव, वय, तारीख. दूरदेशाहून फुले घेऊन आलेल्या पणतूला ती ओळ हाती धरून नुसत्या हिरवळीपुढे उभे राहावे लागते.

काहींचा शोध डंडीतही संपत नाही. गिरण्यांना लागणारा ताग बंगालचा होता. त्या व्यापारात ओसवाल जैन घराणीही होती. कलकत्त्याच्या गिरण्या चालवण्यासाठी डंडीचे व्यवस्थापक व कारागीर तिकडे गेले, आणि कित्येक परतले नाहीत. 1820 मध्ये सुरू झालेल्या कलकत्त्याच्या स्कॉटिश दफनभूमीतील शिळांवर डंडीचे नाव आजही वाचता येते. नवरा तेथे, बायको टे नदीकाठी, अशी विभागलेली कुटुंबे दोन्हीकडच्या वह्या समोरासमोर ठेवल्यावरच जुळतात.