यातले नसल्यास

माईआत्याला पुस्तक विचारणं सोपं नव्हतं. "काहीतरी चांगलं सांगा ना वाचायला," असं कुणी म्हटलं की ती आधी त्या माणसाकडे नीट बघायची आणि मग भलतंच विचारायची. रात्री झोप लागते का? सासूबाईंचं पथ्यपाणी कोण बघतं? धाकटा चिकटला का कुठे? विचारणारा बुचकळ्यात पडायचा. त्याला हवं असायचं एक नाव, आणि इथे घरची खबरबात निघतेय. चहा होऊन कप विसळून झाले की मग ती नाव सांगायची. कधी तेही नाही. "आत्ता काही मोठं हातात घेऊ नका. जुने दिवाळी अंक चाळा महिनाभर," एवढ्यावर बोळवण.

रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. आत्याने तो नियम आयुष्यभर मोडला.

टिळक आळीतल्या घराच्या ओटीवर तिची आरामखुर्ची असे. शाळेतून निवृत्त झाल्यावर ती फारशी बाहेर पडत नसे, पण नगर वाचनालयाची वर्गणी कधी चुकली नाही. रत्नागिरीचं हे वाचनालय १८२८ सालचं. टिळकांचा जन्म या गावात १८५६ मधे झाला, थिबा राजाला इंग्रजांनी ब्रह्मदेशातून इथे आणून ठेवलं ते १८८६ मधे. वाचनालय त्या दोघांच्याही आधीचं. आत्याला याचा अभिमान होता आणि ती तो पाहुण्यांपुढे मिरवायची. विशेषतः एखादा पुण्याहून येऊन 'इथे अंतू बर्वा कुठे भेटतील' असला विनोद करू लागला, की ती थंडपणे १८२८ काढायची.

मे महिन्याच्या सुट्टीत तिचं पुस्तक बदलून आणायचं काम माझ्याकडे. पिशवीत जुनं पुस्तक आणि त्यात खोचलेली चिठ्ठी. चिठ्ठी कालनिर्णयच्या फाडलेल्या पानाची, घडी घालून चार तुकडे केलेल्यांपैकी एक. मागे अर्धी एकादशी नाहीतर संकष्टीचा चंद्रोदय. पुढे शिसपेन्सिलीने, शाळेतल्या फळ्यावर लिहावं तशा सुट्या अक्षरात चार-पाच नावं, लेखकासकट, पसंतीच्या क्रमाने. आधीच वाचून झालेलं पुन्हा मागवलं असेल तर बाजूला छोटी फुली. आणि सगळ्यात खाली, दर वेळी, तीच ओळ: 'यातले नसल्यास आपल्या पसंतीने द्यावे.'

मला त्या ओळीचा राग यायचा. कारण यादीतलं बहुतेक वेळा बाहेर गेलेलं असे, आणि काउंटरवर जे कोणी असतील ते चिठ्ठी वाचून आत जात ते लवकर बाहेर येत नसत. त्यांनाही मग विचार करावा लागे. बाईंना काय द्यावं? मी घामेजून उभी. पण जे हाती येई ते आत्या शेवटच्या पानापर्यंत वाचायची, रद्दड असलं तरी. पुढच्या चिठ्ठीत त्याचा निकाल लागायचा: 'मागचे बरे नव्हते, पण निवडलेत हे बरे केलेत.' चिठ्ठीच्या पलीकडचा माणूस तिला किती वेळा प्रत्यक्ष भेटला असेल, देव जाणे. तरी दोघांचं हे वर्षानुवर्षं चाललं होतं.

लोकांना ती पुस्तक सांगायची ते मात्र मुहूर्तासकट. पुस्तक कुठलं यापेक्षा कधी, यावर तिचा जास्त कटाक्ष. 'कोसला' पंचविशीच्या आत, नंतर वाचाल तर सांगवीकराला उपदेश करत बसाल. 'रणांगण' प्रेमात पडल्यावर नको, त्यातून बाहेर आल्यावर. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' दर दहा वर्षांनी, कारण दर वेळी नवऱ्याबद्दलचं मत बदलतं. हे ती, जिने लग्न केलं नाही, ती सांगायची. आणि आळीतल्या लग्न झालेल्या बायका ऐकून घ्यायच्या.

मी पुण्याला गेले तशी माझं विचारणं फोनवर आलं. मग तिच्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं सुरू झालं. "ओळ सुरू झालेली दिसते, संपलेली दिसते, मधलं कुणीतरी पुसून ठेवलंय," असं ती डॉक्टरांना सांगत होती, तक्रार म्हणून नव्हे, वर्णन अचूक व्हावं म्हणून. त्यानंतर रात्री मी फोनवर वाचून दाखवू लागले. आणि तिने एकदम बाजूच पालटली. मी विचारलं, काय वाचू? तर म्हणाली, "तू ठरव. मी चिठ्ठी दिलीय असं समज, आणि त्यातलं काही नाहीये."

किती अवघड होतं ते. मी माडगूळकरांचं 'सत्तांतर' काढलं. वानरांच्या टोळ्यांची ती लढाई तिने दोन रात्री मुकाट्याने ऐकली आणि तिसऱ्या रात्री म्हणाली, "म्हणजे आमच्या माडांवर येतात त्यांची चरित्रं वाचतेयस होय गो! मेल्यांनी कालच सगळी शहाळी पाडलीन्." पण वाचायचं थांबवू दिलं नाही.

गेल्या वर्षी मृग लागायच्या चार दिवस आधी ती गेली. वय झालं होतं, आजारही फार नव्हता. असं जाणं चांगलं म्हणतात. भेटायला आलेले लोक ओटीवर बसत आणि थोड्या वेळाने प्रत्येक जण एखाद्या पुस्तकाचं सांगे. आळीतल्या एका मुलाची शिक्षक म्हणून पहिली नेमणूक घाटावरच्या कुठल्याशा वस्तीवर झाली होती, त्याला तिने 'बनगरवाडी' सांगितलं होतं. पण जाताना वाचायचं नाही, तिथे जाऊन पंधरा दिवस झाले की मग. त्याने तसंच केलं. तो आता स्वतः निवृत्तीला आलाय. पंधराव्या दिवशी राजीनामा लिहून तयार होता, असं तो म्हणाला, आणि पुढे काही न सांगता चहा प्यायला.

आता मी कुणाला विचारते? विचारते, अनेकांना विचारते. लोक भराभर नावं देतात, उत्साहाने, भल्या मनाने. बहुतेकांना नुकतंच जे आवडलेलं असतं तेच. चांगलीच असतात ती पुस्तकं. पण मला झोप लागते का, हे कुणी आधी विचारत नाही. 'आत्ता नको' तर कुणीच म्हणत नाही. हे तिच्यासोबत गेलं, आणि ते गेल्याचं मला पुस्तकांच्या दुकानातच जास्त जाणवतं. घरी तिच्या फोटोसमोर तितकं नाही.

मला तिने एकच पुस्तक कायम अडवून ठेवलं होतं: पेंडशांचं 'तुंबाडचे खोत'. १९८७ साली आलं, दोन जाडजूड खंड, आपल्याच जिल्ह्यातलं, खेडकडचं, जगबुडीच्या काठचं, खोतांच्या पिढ्यान्‌पिढ्यांचं. कॉलेजात असताना मागितलं तर "अजून नको." नोकरी लागल्यावर, "नको गो." लग्नानंतर मी जरा चिडूनच विचारलं, मग कधी? तेव्हा ती म्हणाली, "घरातलं कुणीतरी घर विकायचं म्हणेल ना, तेव्हा वाच. आधी वाचलंस तर ती नुसती गोष्ट होईल."

या दिवाळीत मुंबईचे चुलतभाऊ आले. कुणी वाईट नाही त्यांच्यात. पाच हिस्से, राहणारं कुणी नाही, कौलं दर पावसाळ्यात चाळायला माणूस मिळत नाही, परसातल्या माडांवर चढणारा तर दुर्मीळच. बिल्डरने आकडा सांगितलाय. बोलणी ओटीवरच झाली, शांतपणे, आणि मीही मान हलवली.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेले. काउंटरवर तरुण मुलगी होती. तिने कॉम्प्युटरवर पाहिलं, मग खात्री करायला कपाटापर्यंतही जाऊन आली. पहिला खंड बाहेर गेलाय, म्हणाली, दुसरा आहे, नेता का? दुसरा आधी कसा नेणार? मी नंबर लावून आले. कुणाकडे गेलाय हे विचारायचं तोंडावर आलं होतं. पण असं नाव सांगत नाहीत, आणि तेच बरं. ज्या कुणाच्या घरी तो गेलाय, त्यांच्याकडे काय विकायला निघालंय कोण जाणे.