फळ्यामागचे डबे आणि फोनमधले हृदय



आमच्या वस्तीतल्या बुद्ध विहारात संध्याकाळी मुलांची अभ्यासिका चालते. तिथे मी विज्ञान शिकवतो. गेल्या महिन्यात मुलांना ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी दाखवायचे ठरवले. मोबाइलचा कॅमेरा हृदयाच्या चित्रावर धरला की पडद्यावर त्याच जागी हृदय उभे राहते, धडधडू लागते. चित्राभोवती फिरले तर त्याची मागची बाजूही दिसते. हे नाव 1990 च्या सुमारास बोइंग कंपनीतले संशोधक टॉम कॉडेल यांनी रूढ केले. विमानातल्या तारा जोडणाऱ्या कामगारांच्या डोळ्यांसमोर आराखडा दिसत राहावा, हा त्यामागचा हेतू होता. म्हणजे हे तंत्र हाताने काम करणाऱ्यांसाठीच पुढे आले.

त्या दिवशी 22 मुले होती आणि ते अ‍ॅप चालणारा फोन एकच, माझा. दोन मुलांनी घरचे फोन आणले होते, पण फोन कसा वळला हे ओळखणारा जायरोस्कोप स्वस्त फोनमध्ये बऱ्याचदा नसतो. त्यांच्यावर अ‍ॅप चाललेच नाही. मी फोन धरून मध्ये उभा, मुले भोवती. सातवीतली एक मुलगी मागून पुढे आली. म्हणाली, "दादा, मी धरू का? मला मागची बाजू बघायचीय."

माझ्या तोंडून निघून गेले, "हात लावू नको, पडेल."

ती काही न बोलता मागे सरकली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण हे वाक्य माझे नव्हतेच. मी आठवीत असताना शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची साल ठेवली होती. पुढच्या बाकावरच्या मुलांनी स्क्रू फिरवून पेशी पाहिल्या. आमच्या वस्तीतल्या आम्हा चौघांना सर म्हणाले, "लांबून बघा, हात लावू नका, फुटेल." सरांनी जातीचा उच्चार केला नव्हता. तशी गरजही नव्हती. दहावी झालो तरी कांद्याची पेशी मी फक्त पुस्तकातच पाहिली होती. आणि आता तेच वाक्य मी माझ्याच वस्तीतल्या लेकराला ऐकवले होते.

बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागले. शिपाई नळ सोडेल तेव्हाच पाणी मिळे. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावले, तेव्हा वर्गातली मुले फळ्यामागे ठेवलेले आपले डबे उचलायला धावली, हा प्रसंग त्यांच्या चरित्रात आहे. विचार करा. शाळा सरकारी, फळा सगळ्यांचा, खडूही सगळ्यांचा. साधनात काहीच खोट नव्हती. खोट होती ती त्या साधनाला कोणाचा हात लागायचा, हे ठरवणाऱ्या व्यवस्थेत.

म्हणून आज कोणी 'डिजिटल शाळा' म्हणून टाळ्या वाजवू लागला की माझा पहिला प्रश्न असतो: फोन कोणाच्या हातात आहे?

आपल्यातलेच काही जण म्हणतात, "आधी छत, शिक्षक, संडास द्या; ही चैन कशाला?" छत आणि शिक्षक हवेतच. पण आपल्या मुलांनी सगळे मिळेपर्यंत नव्या साधनाची वाट बघत बसायचे, हे मला मान्य नाही. ज्या शाळेत प्रयोगशाळाच नाही, तिथल्या मुलीला धडधडणारे हृदय दिसणे ही चैन नाही. उलट तिलाच त्याची गरज जास्त आहे. पण घरी चांगला फोन असेल त्यानेच शिकायचे, असे होत असेल तर या तंत्राने जुनी दरी आणखी रुंदच होईल. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या परिशिष्टात प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे अध्यापन साहित्य देण्याची तरतूद आहे. तेव्हा साधन पालकांच्या खिशातून नव्हे, शाळेच्या कपाटातून आले पाहिजे.

पुढच्या तासाला मी फोन त्या मुलीच्या हातात दिला. हजेरीच्या वहीतून क्रम लावला, प्रत्येकाला तीन मिनिटे. ती चित्राभोवती हळूहळू फिरली आणि म्हणाली, "दादा, हे शाळेतल्या तक्त्यासारखं सपाट नाहीये!" फोन कोणीही पाडला नाही. आणि पाडला असता तरी काच बदलता आली असती.

कार्यकर्त्यांनो, आपापल्या भागातल्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जा. शाळेत टॅब आले असतील तर ते कपाटात आहेत की मुलांच्या हातात, हे विचारा. मजकूर मराठीत आहे का, नेट नसताना चालतो का, हेही विचारा. आणि आपल्या विहारातल्या अभ्यासिकेपासून सुरुवात करा. आधी स्वतःच्या हातातला फोन मुलांच्या हातात द्या.

जय भीम! जय संविधान!