कोपराला गूळ

मराठी माणसाचे गुळावरचे प्रेम फार जुने. उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे आपण गूळ-पाणी ठेवतो, संक्रांतीला तो तिळाबरोबर वाटतो, आणि भाषेत तर त्याने ठाणच मांडले आहे. मी मराठीचा प्राध्यापक, राहायला उसाच्या सोनपेठ तालुक्यात. तेव्हा गुळाविरुद्ध बोलणे मला दुहेरी जड जाते!

पण हल्ली गुळाला वैद्याची पदवी मिळाली आहे. जागोजाग 'गुळाचा चहा' अशा पाट्या लागल्या आहेत. साखर पांढरी म्हणून विष, गूळ पिवळा म्हणून औषध! माझ्या थोरल्या बहिणीला बारा वर्षांचा मधुमेह आहे. दिवसाला चार कप चहा होतो. हटकले की उत्तर ठरलेले, "अरे बापू, साखरेचा कण नाही त्यात. गुळाचा आहे!"

हिशेब मात्र वेगळे सांगतो. 100 ग्रॅम साखरेतून 400 च्या आसपास उष्मांक मिळतात, तर गुळातून 380 च्या आसपास. गूळ म्हणजे आटवलेला उसाचा रस. त्यातला बहुतेक भाग साखरच. लोह असते, पण चमचाभर गुळात ते असून असून किती असणार? जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली अशा साखरेची मर्यादा सांगितली. ती रोजच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, शक्य तर पाच. म्हणजे सुमारे सहा चमचे. त्यात मध आणि फळांचा रसही धरला आहे.

मोठ्या बाजारातही हेच. 2024 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना सांगितले की, बोर्नव्हिटा आणि तत्सम पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढा. कारण? 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात या शब्दाची व्याख्याच नाही! व्याख्येवाचून शब्द किती खपतो पाहा.

साखर खाणारा निदान भितो आणि चमचे मोजतो. गूळ खाणारा निर्धास्त असतो. गेल्या हिवाळ्यात अक्काच्या पायाची जखम महिनाभर भरेना. डॉक्टरांनी विचारले, "साखर खाता का?" ती म्हणाली, "नाही." ती खोटे बोलली नव्हती.

कोपराला लावलेला गूळ जिभेला पोचत नाही, असे आपण म्हणतो. हा पोचतो, हीच पंचाईत आहे! दिवाळीत गूळ जरूर खावा. फक्त मोजताना त्याला साखर म्हणावे.