तळघरातले मेंदू

हार्वी कुशिंग म्हणजे मेंदूच्या सर्जरीतला बाप माणूस. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या मेडिकल लायब्ररीला त्याचं नाव आहे, कारण ती मुळात त्याच्याच डोक्यातून निघाली. गडी पुस्तकवेडा होता. डॉ. ऑस्लरचं चरित्र लिहून १९२६ चं पुलित्झरही घेऊन गेला, तेही ऑपरेशनं सांभाळून! (आपल्याला वीकएंडला एक पान लिहायचं तरी जिवावर येतं.) जॉन फुल्टन आणि आर्नोल्ड क्लेब्स या मित्रांना त्याने गळ घातली, की तिघांनी आपापले जुने वैद्यकीय ग्रंथ येलला देऊन टाकू. कुशिंग १९३९ मध्ये गेला, लायब्ररी उघडली १९४१ मध्ये.

पण त्याचा आणखी एक संग्रह होता. पेशंटचे मेंदू, ट्यूमरचे नमुने, केसपेपर, फोटो. दोन हजारांहून जास्त केसेस! हे सगळं १९३० च्या दशकात बॉस्टनहून येलला आलं आणि ते सांभाळलं लुईस आयझेनहार्ट यांनी. बाई कुशिंगकडे लिखाणातल्या मदतनीस म्हणून लागल्या, मग स्वतः डॉक्टर झाल्या आणि ट्यूमर ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कोणी उरलं नाही. कुठल्या पेशंटला कसला ट्यूमर होता, ऑपरेशननंतर तो जगला की गेला, हे त्या एका छोट्या वहीत टिपून ठेवत.

बाई १९६७ मध्ये वारल्या. पुढे बरण्या मेडिकलच्या होस्टेलच्या तळघरात जाऊन पडल्या. पोरं रात्री चोरून बघायला जात आणि तिथल्या कागदावर सही ठोकून येत.

आमच्या धंद्यात हे नेहमीचंच. माहीतगार माणूस सोडून जातो, बॅकअपच्या टेपा कपाटात राहतात. टाकायची कुणाची हिंमत नाही आणि उघडायची तर त्याहून नाही. फक्त आमच्या टेपांना चेहरे नसतात. कुशिंगच्या फोटोंतली माणसं डोक्यावरचे टाके घेऊन थेट कॅमेऱ्यात बघतात. त्यात लहान मुलंही आहेत.

शेवटी १९९० च्या दशकात एका विद्यार्थ्याने या संग्रहावरच प्रबंध लिहिला, मग साफसफाई सुरू झाली आणि २०१० मध्ये बरण्यांना त्याच लायब्ररीच्या खालच्या मजल्यावर नीट जागा मिळाली.

लायब्ररीच्या नावात १९९० पासून कुशिंगच्या जोडीला त्याचा जावई जॉन हे व्हिटनीही आहे. देणगी मोठी होती, ठीकच आहे. पण मला विचाराल तर आयझेनहार्टबाईंचं नाव त्याच्याआधी लागायला हवं होतं.