पडवीचे काळे खांब

बाहेरच्या लाकडावर पावसाळ्यात उठणारे काळे ठिपके बहुधा बुरशीचे असतात. ते मळ समजून पुसले जातात आणि वर रंग चढतो. प्रस्तुत लेखकाच्या रत्नागिरीकडील घराच्या पडवीचे खांब असेच ओल्या फडक्याने पुसून, बेलतेल चोळून, दसऱ्याच्या सुमारास ऑइल पेंटचे दोन हात देऊन चकचकीत करण्यात आले. पुढच्या श्रावणात जुनेच ठिपके जुन्याच जागी नव्या रंगातून वर आले.

ठिपका कशाचा, हे ब्लीचच्या दोन थेंबांनी कळते. मिनिटा-दोन मिनिटांत तो फिका पडला तर बुरशी, तसाच राहिला तर मळ. पडवीतले बहुतेक ठिपके फिके पडले. बुरशी मारल्याशिवाय रंग लावणे म्हणजे तिच्यावर पांघरूण घालणे. एक भाग ब्लीच व तीन भाग पाणी लाकडाला लावून १५ मिनिटे ओले ठेवावे, ब्रशने घासावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. हातमोजे हवेतच. ब्लीचमध्ये अमोनियाचे किंवा आम्लाचे क्लीनर कधीही मिसळू नये. विषारी वायू सुटतो.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. त्यांना लागते ती ओल आणि खाद्य. बेलतेल म्हणजे जवसाचे तेल, आणि ते बुरशीला आवडते. कोरड्या लाकडाला ते चोळण्याची रंगाऱ्यांची सवय जुनी असली तरी कोकणात ती अंगाशी येते. त्यापेक्षा बुरशीरोधक घातलेला, बाहेरच्या कामाचा ॲक्रिलिक रंग बरा.

ओलीचे गणित अधिक किचकट. दसऱ्याला वरून खडखडीत वाटणारे लाकूड आतून ओले असू शकते. ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास उतरल्यावरच अस्तर लावावे. कोकणात त्यासाठी डिसेंबर-जानेवारी गाठावा. लाकूड सर्वांत जास्त पाणी पिते ते कापलेल्या टोकांतून. खांबाचा तळ, वाशांची टोके, झडपांच्या खालच्या कडा इथे अस्तराचे दोन हात हवेत, पण रंगारी नेमके हेच भाग सोडतो, कारण ते दिसत नाहीत. पागोळ्यांचे शिंतोडे अडवायला पन्हळ लावावी आणि खांबाला टेकलेली जास्वंद छाटावी.

दुसऱ्या खेपेला जानेवारीत याप्रमाणे रंगवलेले खांब तीन पावसाळे स्वच्छ राहिले. उत्तरेकडचा, ऊन न लागणारा खांब मात्र अजूनही दर ऑक्टोबरात धुवावा लागतो.